घरी फोन करायचा नाही

१७ नोव्हेंबर १९८६, सोमवार

पावणे गावी पोचलो एकदाचा! इथल्या रंगाच्या कारखान्याने नवं टेलिफोन एक्स्चेंज घेतलंय, ते बसवून द्यायला आमच्या मुंबई ऑफिसने मला धाडलं. आठवडाभर इथेच मुक्काम. वरच्या मजल्यावर ऐसपैस खोली, खिडकीतून खाडी, आणि दुपारी जेवणात ताजा बांगडा. मजा आहे.

माणसं मात्र एकेक नमुने. मॅनेजर रावसाहेब बोलायच्या आधी देवाच्या तसबिरीला हात जोडतात. जुन्या बोर्डावर ऑपरेटर आहे वेणूबाई. गावची जमीन कारखान्यात गेली म्हणून तिला नोकरी मिळाली. अकलेचा काही संबंध नाही. बाहेर फोन करायचा तर तिच्याकडे लाईन मागायची. ती आधी विचारणार, धंद्याचा का घरचा? घरचा असेल तर लाईन देतच नाही. मग हे बापडे साहेबलोक घरी फोन करायला नाक्यावरच्या वाण्याकडे पळतात. आणि कुणी तिला जाब विचारत नाही! मी पोट धरधरून हसलो.

१८ नोव्हेंबर

झालं जोडून. आता टेबलावरच्या फोनवरून शून्य फिरवलं की यंत्र आपणच मोकळी लाईन शोधणार आणि फोन थेट बाहेर. मध्ये बाई नको, बाबा नको. रावसाहेब चाचरत म्हणाले की बाहेरचे फोन वेणूबाईच्याच हातून जाऊ द्या. मी विचारलं, मोटार घेतलीत ती काय बैल जुंपायला? पुन्हा तसबिरीला हात जोडले. गाढवाला गुळाची चव काय!

चाचणीचा पहिला फोन मी सगळ्यांदेखत माझ्याच घरी लावला. वैजूचा आवाज खणखणीत आला. मागे आमची जुई रडत होती, दात येताहेत तिला. मी ऐटीत रिसीव्हर ठेवला तर सगळ्यांचे चेहरे सुतकी. वेणूबाई तेवढी बोलली, "हितून घरी फोन केलाव, सायेब? आता त्याला तुमचा घर ठाव झाला."

कोणाला, म्हणून विचारलं तर तोंडाला पदर लावून निघून गेली. नाटकी बाई.

१९ नोव्हेंबर

सकाळी वैजूचा फोन. हसत होती. म्हणाली, किती वेळा फोन करता हो, आणि जुईसाठी गाणी काय म्हणता! मी कालच्या चाचणीनंतर एकदाही फोन केलेला नाही. गाणं तर मी जन्मात म्हटलेलं नाही. इथलाच कुणी टवाळ माझी नक्कल करतोय. एवढी हुशारी कामात दाखवली असती तर कारखाना कुठच्या कुठे गेला असता. वैजूला सांगितलं, तर तिला तीही थट्टाच वाटली.

यंत्रात माझ्या घरचा नंबरच बंद करून टाकला. आता बसा म्हणावं बोंबलत.

२१ नोव्हेंबर

नंबर बंद आहे. दोनदा तपासला. तरी बाहेरच्या लाईनीचा दिवा लागलेला. त्याच लाईनीवर रिसीव्हर उचलून ऐकलं.

माझा आवाज. वैजूशी बोलत होता. आमच्या लग्नाआधीचं काहीतरी, जे तिला आणि मलाच— नक्कल करणाऱ्याला हे कसं ठाऊक?

ओरडलो, वैजू, तो मी नाही! तिला ऐकू गेलं नाही. त्याला गेलं. तो थांबला. हसला. मग तिला म्हणाला की लाईनीत खरखर आहे, तू आत्ताच जुईला घेऊन इकडे निघ, मी गेटवर उभा राहतो.

वायरी उपटल्या. दिवा विझेना.

वाण्याकडे धावलो. घरी लावला. नुसती घंटा वाजतेय. निघाली ती. मी निघावं तर वाटेत चुकामूक होईल. गेटवरच थांबतो. पण आधी ते यंत्र फोडून—

तीच दुपार

वर यंत्राच्या खोलीत आलो आणि बाहेरून कुलूप लागलं. वॉचमन दत्तूचा आवाज आला. कुणाला तरी सांगत होता, आत कोन नाय, सायेब आताच भायेर गेले. दार बडवलं. मशिनींच्या आवाजात कुणाला ऐकू जातंय? वेणूबाईला हाका मारल्या. मी. त्या बाईला. हात जोडून.

फोन उचलला तर मीच बोलतोय.

खिडकीला गज. गेट दिसतं.

रिक्षा थांबली. वैजूच. जुई कडेवर. मी ओरडतोय, घसा फाटला, ती वर बघत नाही— हसतेय— समोर कोणीतरी, पाठमोरा— माझीच उंची, माझाच भांग—

नको वैजू

जुई मागे सरतेय, तिला कळतंय, तिला तरी— वैजू तिला समजावतेय— बाबा आहेत गं— जुईला त्याच्या हातात देतेय—