वाचून तपासलं

३ जून
साहेबांनी सांगितलं, महिनाअखेरपर्यंत सगळ्या टेस्टरांनी (म्हणजे आम्ही, बटणं दाबून चुका शोधणारे) प्रोग्रामरांचा कोड वाचून रिव्ह्यू करायला शिकायचं. ज्याला जमणार नाही त्याचं काय, मी विचारलं. म्हणाले, बघू. चौदा वर्षांत हा शब्द तिघांबद्दल ऐकलाय. तिघेही आता इथे नाहीत.
भीती वाटली नाही. हात एसीने गार पडले होते.
संकल्प : रोज दोन तास कोड वाचणे.

४ जून
वाचला. सतरा मिनिटं. कंस बरेच आहेत.

७ जून
पहिला रिव्ह्यू. दवाखान्याच्या वेबसाइटचं अपॉइंटमेंटचं पान. कोड तुफानचा. (आमची प्रोग्रामर. टाइप करते तेव्हा शेजारचा कप हलतो.) काहीच कळेना. शेवटी कोडमधल्या एका नावाजवळ लिहिलं, ‘नाव अधिक स्पष्ट हवं.’ तिने बदललं. वर थँक्यू म्हणाली! जमतंय.

१२ जून
आतापर्यंत अकरा ठिकाणी ‘नाव अधिक स्पष्ट हवं.’ साहेब म्हणाले, तुमची नजर बारीक आहे. बायकोला सांगितलं. म्हणाली, मग घास का उतरत नाही घशाखाली? म्हटलं, बारीक नजरेची माणसं कमीच जेवतात.

१९ जून, दुपारी
तुफानने विचारलं, काका, पान हाताने चालवून बघितलंत का? (काका! मी त्रेचाळीसचा.) म्हटलं, आता त्याची गरज नाही, वाचलं की कळतं. म्हणाली, मला तर लिहूनही कळत नाही. कच्ची आहे.
छातीत धडधड. चहा जास्त झाला असावा. बटणं दाबून बघायला बोटं शिवशिवत होती. जुनी खोड. मोडली. अप्रूव्ह केलं.

२४ जून
दवाखान्याचा फोन. बटण दोनदा दाबलं की दोन अपॉइंटमेंट. निम्मे पेशंट यादीत दोन-दोनदा. डॉक्टर एकच. दाराशी हमरीतुमरी.
साहेबांनी विचारलं, टेस्ट कोणी केलं? म्हटलं, रिव्ह्यू मी केला. म्हणाले, ते नाही विचारलं.
बटण दोनदा दाबणं. चौदा वर्षं मी कामाला सुरुवातच त्याने करायचो.

२८ जून
टेस्टरांनी रिव्ह्यू शिकावा का, ही चर्चा पुढे ढकलली. तोवर तुफान आम्हा टेस्टरांना हाताने टेस्टिंग करायला शिकवणार. तिने विचारलं, काका, वर्गात पुढे बसणार ना? ऐकू कमी येतं का, असं विचारल्यासारखं.
नोकरी राहिली. नवीन पत्र मिळालं. हुद्दा : शिकाऊ टेस्टर. दोनदा वाचलं. नाव अगदी स्पष्ट आहे.