खलबत्ता पाठवत नाही

१४ मार्च, शनिवार, सकाळ

जावईबापूंस आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं ठीक. तुमच्या सासूबाईंचा गुडघा कुरकुरतो, आणि गुडघ्यापेक्षा त्या जास्त कुरकुरतात. आमची नात छकुली आता दोन्ही वेळा पोटभर जेवते हे कळलं, बरं वाटलं.

फोनवर तुम्ही दोन गोष्टी मागितल्यात: पेस्टोची, म्हणजे त्या इटालियन हिरव्या चटणीची, कृती आणि माझा दगडी खलबत्ता. कृती घ्या.

मिक्सर नको. पातं तापतं, पानं काळी पडतात. बेसिल, म्हणजे ती इटालियन तुळस, धुऊन फडक्यावर कोरडं करा. 'जवळजवळ कोरडं' म्हणजे ओलंच. आधी लसूण आणि जाडं मीठ, मग भाजून सालं काढलेले अक्रोड, मग पानं. कुटायचं नाही, बत्ता कडेकडेनं फिरवत रगडायचं. मग किसलेलं चीज, आणि तेल सगळ्यात शेवटी, बारीक धारेनं. छकुलीला अक्रोड सोसत नाहीत, तेव्हा तुम्ही भोपळ्याच्या बियाच घ्याल. मला हे कुणी शिकवलेलं नाही. कॅफेत कामाला होतो तेव्हा भांडी घासता घासता नजरेनं उचललंय.

मध्येच उठलो होतो. गॅस बंद आहे का पाहिलं. बंदच होता. तिसऱ्यांदा पाहिलं.

तर खलबत्ता. दगडाला साबण लावायचा नाही, हा माझा नियम. नुसतं पाणी आणि फडकं. दगड चव धरून ठेवतो, असं मी येईल त्याला ऐकवतो. त्या रविवारी तुम्ही सगळे आमच्याकडे जेवायला आलात, तेव्हा छकुलीसाठी बियांचाच पेस्टो केला. अक्रोडाचा कणही घातला नाही, असं दवाखान्यात मी छातीठोकपणे सांगितलं. घातला नव्हताच. पण आदल्या दिवशी त्याच खलात आम्हा दोघांसाठी अक्रोड रगडले होते.

तिचे ओठ सुजले, श्वास लागला, आणि सगळ्यांनी तुम्ही आणलेल्या, तिनं खाल्लेल्या बिस्किटांच्या पुड्यावर खापर फोडलं. दवाखान्याच्या बाकावर मीच म्हणालो, "पुड्यावरचं वाचता येत नाही का लोकांना?"

"बाबा, वाचलं होतं हो. दोनदा वाचलं," तुम्ही म्हणालात.

"तुझं वाचणं माहितीये मला!" आमची लेक तुमच्यावर कडाडली.

डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काय खाल्लं होतं?" तेव्हाच खल माझ्या डोळ्यांपुढे आला. तेव्हाच, जावईबापू. नंतर नाही. आणि मी म्हणालो, "बाकी सगळं घरचं."

जन्मभर दुसऱ्यांच्या चुका वेचल्या. स्वतःची समोर आली तर जीभ उचलेना.

वीस दिवस झाले. लेक अजून तुमच्या हातून छकुलीला घासही भरवू देत नाही, तुम्ही घरात आलात की पिशवी तपासते, हे सासूबाईंकडून कळतं. परवा त्या म्हणाल्या, "जावयाचं लक्षच नसतं हो कशात." मी मान डोलावली. ती डोलावलेली मान तेव्हापासून दुखतेय.

खलबत्ता पाठवत नाही. नवा आणा आणि त्यात अक्रोड कधीच घालू नका.

हे पत्र लेकीला समोर बसवून मोठ्यानं वाचून दाखवा. तुम्ही भले आहात, माझी बाजू राखायला मधल्या ओळी गाळाल, म्हणून बजावतो: एकही शब्द गाळायचा नाही. तिला वेगळं लिहीत नाही. लिहिलं तर तिची समजूत घालत बसेन, आणि तुमच्यावरचा आळ तसाच राहील. तिनं मला फोन करायचा की नाही, ते तिचं तिला ठरवू द्या. तुम्ही मध्ये पडू नका.

माफी मागायची सवय नाही. चुकतमाकत मागतोय.

तुमच्यावर आळ येऊ देणारा,
तुमचा सासरा