मोतीरामने भरलेलं पाणी

इंदिरानगर, नाशिक

ती. साधनाताईस,

कुंदनचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आणि भाऊजींचा खोकला दोन्ही आटोक्यात आहेत असं धरून चालतो. (माझ्याबद्दल तू असं काही धरू नकोस.)

चाळिशीत पीएचडीला लागलो तेव्हा तू विचारलं होतंस, नक्की करतोस काय? आम्लात अल्कोहोल घालायचं (पिण्यातलं नव्हे, भाऊजींना सांग), त्यात पिवळं सिरियम ओतायचं आणि पिवळेपणा किती वेळात जातो ते घड्याळ लावून बघायचं. किंचित मँगनीज घातलं की तो भराभर जातो, नसलं की रेंगाळतो. चार वर्षं मी हेच बघतोय. (केसही गेले, ते मँगनीजशिवाय.)

मंगळवारी, प्रबंध बांधायला टाकण्याआधी, गाईडबाई म्हणाल्या म्हणून मँगनीज न घालता एकदा करून पाहिलं. रंग तसाच भराभर गेला! बाटल्यांना जुनं मँगनीज चिकटलं असेल म्हणून सगळ्या आम्लाने धुतल्या, त्यात पँटला तीन भोकं पडली, तरी तेच. शेवटी आमच्या लॅबमधल्या शिपायाला, मोतीरामला विचारलं, डिस्टिल्ड वॉटर कुठून भरतोस?

तो खूष होऊन म्हणाला, "सर, मशिनची कॉइल दिवाळीतच जळाली. अर्ज दिलाय, पण तुमचं काम नाय अडू दिलं. बोरचं भरतो. फडक्यातून दोनदा गाळून. लय स्वच्छ हाय."

आमच्या बोरच्या पाण्यात मँगनीज भरपूर आहे, ताई. दिवाळीपासूनची चारशे रीडिंगं वाया गेली. ओरडणारच होतो, पण माझा चेहरा बघून मोतीराम धावत जाऊन चहा घेऊन आला. दोन महिन्यांनी तो रिटायर होतोय. त्याचं नाव घेतलं असतं तर त्याच्यामागे चौकशी लागली असती. बाईंना सांगितलं, पाणी मी तपासलं नाही. (ते खरंच आहे. जास्त वाईट त्याचंच वाटतं.) बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाल्या, "मग पुन्हा घ्या."

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
कुंदन

ता. क. पुन्हा सगळं करायला दहा महिने लागतील. मी लॅबमध्ये, दीपमाला सातपूरच्या कारखान्यात शिफ्टला, घरी आईजवळ दिवसभर कुणी नाही. तेवढे दिवस आईला ठेवून घेशील का?

ता. क. २. नाही म्हणायला संकोच करू नकोस. फक्त हे पत्र आईच्याच पिशवीत ठेवलंय, आणि तुमच्या सायखेड्याच्या सकाळच्या एसटीत मी तिला बसवतोय. तिला वाटतंय, चार दिवसांसाठी.