कोको, गाळ आणि बारा तासांचा उपास

१० मार्च, रविवार
आजपासून फिजिऑलॉजीला घाबरणं बंद. शाळेऐवजी पप्पांनी घरीच शिकवलं म्हणून मी कच्ची, असं वर्गाला वाटतं. म्हणून गुरुवारच्या प्रॅक्टिकलला आमच्या ग्रुपतर्फे उपाशी मीच राहणार. बारा तास फक्त पाणी, मग रक्तातली साखर मोजायची. ग्रुपमधला इओआने भरपेट नाश्ता करून येईल. म्हणाला, "झेपेल का गं, पाद्र्याची पोर?" झेपेल! मार्क ग्रुपला एकत्र. नापास झाले तर सवाई बेटावर घरी परत जाऊन धाकट्या भावंडांना शिकवायचं, असं पप्पांनी बजावलंय.

१२ मार्च
मेटाबॉलिझमचा धडा दोनदा वाचला. पचन तोंडात सुरू होतं, चावण्यापासून. म्हणजे पप्पांचंच बरोबर. चावलं नाही तर उपास मोडत नाही, हे त्यांनी मला सातव्या वर्षीच शिकवलंय.

१३ मार्च, संध्याकाळी सात
शेवटचा घास: मासा आणि तारोचा कंद. मी जिच्याकडे राहते ती पेपेआत्या अजून वाढत होती. "नको, प्रयोग आहे," म्हटलं. "उपाशी पोरीचा कसला गं प्रयोग?" म्हणाली.

१४ मार्च, सकाळी साडेसहा
आत्याने कोको दिला. प्यायले. पाण्यातच केलेला असतो. तळाचा गाळ मात्र चावला नाही. आत्या ओरडली, "अगं, खरी मजा गाळातच!" मोह आवरला. दुसऱ्या कपाच्या गाळाचाही. इतकं काटेकोर वर्गात कोणी नसेल.

दुपारी
इओआनेची साखर ६.९ मिलिमोल. माझी ९.४, उपाशीपोटी साडेपाचच्या आसपास हवी असताना. मशीन बिघडलंय, असं मिस आसोमुआंना तोंडावर सांगितलं. तीन बोटं टोचून घेतली. तिन्ही वेळा मशीन खोटं बोललं. मिसचा चेहरा उतरला. घरात कोणाला डायबेटिस आहे का, विचारलं. मग सकाळी काय घेतलं, तेही. मी ताठ मानेने सांगितलं, "काहीच नाही. कोको, दोन कप. चार-चार चमचे साखर. गाळ सोडला."
वर्ग हसून लोळला. शनिवारी शेवटची संधी. उपाशी इओआने. भरपेट मी.

१५ मार्च
न चावण्याच्या नियमाचं पप्पांना फोनवर विचारलं. म्हणाले, "अगं, चर्चच्या उपासात मला कोकोशिवाय राहवेना, म्हणून मीच काढला होता तो नियम."

१६ मार्च, शनिवार
इओआने ४.७, मी ८.८. सगळं पुस्तकाप्रमाणे. पास.
सकाळी कोको घेतला होता. आज परवानगी होती. गाळसुद्धा खाल्ला. चावून.