पन्ह्याचा ट्रे

शुक्रवार, संध्याकाळ

आज टाउनशिपच्या हळदीकुंकवात माझ्या हातून पन्हं सांडलं. घरी भरल्या बादल्या घेऊन तीन जिने चढते, थेंब सांडत नाही. पण तिथे साहेबांच्या बायका खुर्च्यांवर, आम्ही टेक्निशियनच्या बायका सतरंजीवर. पहिला मान खुर्च्यांचा. त्या नजरांसमोरून चालताना माझे खांदे कानांशी जातात, श्वास अडकतो. मग तोल जाणारच ना?

मोठ्या साहेबांच्या बाई म्हणाल्या, "अरे, सीधे चलो ना!"

शेजारच्या काकू पुढे आल्या. "राहू दे गं, मी देते."

मी त्यांना देऊ दिलं नाही. ट्रे पुन्हा भरला, खांदे खाली सोडले आणि सुरुवात सतरंजीपासून केली. खुर्च्यांपाशी पोचले तेव्हा ट्रे रिकामा होता.

म्हटलं, "रुकिए, भरके लाती हूँ." खांदे खालीच होते.