आतड्याभोवतीची रेघ

३ मार्च

आज चूक केली. लिहूनच टाकते, मनात ठेवून उपयोग नाही.

आत्याच्या गर्भाशयातल्या गाठीवर आमच्याच मशीनवर रेडिएशन चालू आहे. रोजचं तेच — तिने पोटभर पाणी पिऊन यायचं, मी स्कॅन काढायचा. कॉम्प्युटर पहिल्या दिवसाचं चित्र आजच्या चित्रावर ताणून बसवतो आणि गाठ कुठे, आतडं कुठे, याच्या रेघा आखून देतो. पोटातलं काही एका जागी राहत नाही, म्हणून रोज हा उपद्व्याप. रेघा तपासून दुरुस्त करायचं काम माझं. मग डॉक्टरमॅडमची सही, आणि त्या दिवसापुरता नवा प्लॅन, म्हणजे किरण कुठे द्यायचे आणि कुठे टाळायचे ते.

"अगं, आवर की! इथेच फजिती व्हायची माझी," आत्या टेबलावरून ओरडली. मला हसू आलं. भराभर नजर फिरवली आणि दिलं पुढे ढकलून.

ती गेल्यावर चित्र पुन्हा उघडलं. आतड्याचं एक वेटोळं गाठीला खेटून बसलेलं, आणि रेघ त्याला सोडून गेलेली! म्हणजे तिथे आतडं आहे हे मशीनला ठाऊकच नव्हतं. मॅडमच्याही नजरेतून सुटलं, पण बघायचं मी होतं.

४ मार्च

कंपासला सांगितलं. कंपास म्हणजे किरणांच्या डोसचा हिशेब ठेवणारा आमचा फिजिसिस्ट — हा माणूस चहातली साखरसुद्धा मोजून घेतो. त्याने हिशेब मांडला. "एका दिवसाने काही बिघडत नाही. सांगितलंस ते बरं केलंस." मॅडमही तेच म्हणाल्या. कुणीतरी झापलं असतं तर बरं वाटलं असतं.

७ मार्च

आत्याचं पोट बिघडलं. बिचारी संडासातून बाहेर येते न येते तोच परत आत. या टप्प्यावर सगळ्यांनाच होतं, म्हणतात मॅडम. असेल. माझ्या मनाला पटत नाही.

आई गेल्यावर हिनेच माझ्या वेण्या घातल्या. मला शिकवावं म्हणून बाबांशी कडाकडा भांडली. आणि मी तिचंच आतडं भाजलं!

"तू आहेस म्हणून मी निर्धास्त," म्हणाली आज. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

९ मार्च

आता आतड्याची रेघ मी स्वतः हाताने काढते. जरा सढळच काढते — दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं! आतडं जेवढं मोठं दाखवावं तेवढं मशीन तिथून अंग चोरतं. मॅडमनी विचारलं, "एवढी बाहेर कशाला?" "तिथे फार हलतंय," म्हटलं. त्यांनी सही केली. गाठीच्या त्या कडेला डोस किंचित कमी पडतो, पण मर्यादेत आहे.

१० मार्च

मर्यादेत.

१६ मार्च

आत्या आज पोटभर जेवली. पोट शांत. "तुझ्या हाताला गुण आहे हो," म्हणाली. घरी आल्यावर खूप रडले. पण हलकं वाटलं.

२७ मार्च

संपलं! आत्याने सगळ्या स्टाफला पेढे वाटले, कंपासला दोन. तो म्हणाला, आता सगळ्या दिवसांची चित्रं एकावर एक बसवून एकूण डोसची बेरीज करतो. कर बाबा. आतड्याला किती लागलं ते मलाही एकदाचं कळू दे.

३० मार्च

आतडं सुरेख वाचलंय. गाठीची एक कड उपाशी राहिली. रोज थोडीथोडी, रोज तीच — माझ्या रेघेला लागून असलेली. गाठ परत येते ती अशाच कडेतून. माझ्या चुकीच्या दिवशी तिथे डोस पुरेपूर पडला होता.

आत्या तपासणीला आली होती. बाहेर बाकावर शेजारच्या बाईला सांगत होती, "माझ्या भाचीने पोटाला झळ लागू दिली नाही."