तात्यांचा उजवा इंडिकेटर

८ जाने., गुरु.
तात्यांचे ऑपरेशन सांगलीत झाले. मांडीत सळई घातली. शुद्धीवर येताच काकूंना पहिले वाक्य बोलले ते हेच, "मी बटान दाबलं हुतं." काकूंनी फोनवर सांगितले. त्यानंतर मला जेवण गेले नाही.

९ जाने.
उंब्रज स्टँडवर एकच विषय. पिकअप मागून ओव्हरटेक करत होती आणि तात्या मोटरसायकलवरून उजवीकडे मळ्याच्या रस्त्याला वळले. पिकअपवाला म्हणतो, लाईट दिसलाच नाही. पोलिसांनी पंचनाम्याला इंडिकेटरचे बटण दाबून बघितले. पुढचा इंडिकेटर फुटलाय, मागचा नीट लागतो. मग काय, म्हातारा विसरला, सगळ्यांचे ठरले. मिलिटरीत बावीस वर्षे ट्रक चालवलेला माणूस.
चहावाला मला म्हणाला, "तुझा चुलता लय कडक हुता रं. पण वय कुणाला चुकलंय?" अर्धा चहा तसाच ठेवून आलो.
ते एलईडी इंडिकेटर मागच्या महिन्यात मीच बसवलेत.

१० जाने.
गाडी पोलिसांनी सोडली. माझ्या गॅरेजला आणली. तपासले ते असे:
बटण ठीक. लाईट लुकलुकवणारा फ्लॅशर एलईडीचाच आहे, तरी काढून दुसरा लावला. फरक नाही. बॅटरी १२.६ व्होल्ट. हँडलच्या मानेपाशी वायर दुमडते, म्हणून हँडल दोन्हीकडे पन्नास वेळा फिरवले. गाडी हलवली. सीटवर बुक्क्या मारल्या. मागचा लागतो. प्रत्येक वेळी लागतो.
हलके वाटायला पाहिजे होते. माझी चूक नाही म्हणजे तात्यांची.

११ जाने., रवि.
एसटीने सांगली. तात्या निम्मे झालेत. गाडी बघितलीस का, इंडिकेटर लागतो का, एवढेच विचारले. लागतो म्हणालो. खोटे कसे सांगू. पंख्याकडे बघत म्हणाले,
"मंग मीच इसारलो आसंन."
नंतर काकूंना म्हणाले, माझं लायसन कुठं हाय, फाडून टाक. मंगळवारी हवालदार जबाब घ्यायला येणार. मी विसरलो असे लिहून देणार, पिकअपवाल्या पोराला उगाच कोर्टात फिरायला नको.
येताना बसमध्ये एक गोष्ट आठवत राहिली. लिहून ठेवतो. तात्या वळताना अख्खा उजवा हात बाहेर काढायचे, खांद्याच्या रेषेत, ताठ. पोरे हसायची. मला लाज वाटायची. इंडिकेटर बसवले त्या दिवशी मीच म्हणालो, "तात्या, आता हात नका काढत जाऊ. लाईट लांबनं दिसतो." ते बरं म्हणाले. त्यानंतर त्यांनी कधी हात काढला नाही.

१२ जाने.
सापडले.
गाडी बाजूला घेताना उतारावर सरकायला लागली म्हणून मागचा ब्रेक दाबला. इंडिकेटर चालू होता, गॅरेजच्या मागच्या पत्र्यावर पिवळा उजेड लुकलुकत होता. तो गेला. नुसता लाल राहिला. ब्रेक सोडला, पिवळा आला. दाबला, गेला. वीस वेळा केले. वीसही वेळा.
परवा मी एवढे तपासले, ब्रेक एकदाही दाबला नाही. पोलिसांनीही नाही. उभ्या गाडीचा ब्रेक कोण दाबतो? आणि वळणारा दाबल्याशिवाय वळेल का?
टेललाईट आणि इंडिकेटरची अर्थिंगची वायर मी एकाच ठिकाणी जोडलेली. सोल्डर नाही. तारांना नुसता पिळा आणि वर टेप. बसवले त्या दुपारी लाईट गेली होती, सोल्डरिंग करता येईना, उद्या करू म्हटले. तार हिरवी पडलीय. ब्रेकचा बल्ब लागला की इंडिकेटरला करंट पुरत नाही. मीटरवरचा हिरवा ठिपका मात्र लुकलुकत राहतो. तात्यांना तो दिसला असणार.
पिळ्यावर भरवसा ठेवायचा नाही, हे आयटीआयला पहिल्याच महिन्यात शिकवले होते. पुढचे शिकायला मी थांबलो नाही, पण एवढे तर शिकलो होतो.
जोडाला हात लावलेला नाही. आहे तसा ठेवलाय.
वही बघितली. त्या दुपारी असाच पिळा दोन गाड्यांना. दुसरी लाल. म्हसवडचा माणूस, पाचगणीला कामावर असतो म्हणाला. नाव नाही. नंबर नाही. मी सगळे लिहून ठेवतो, आणि हे...

१३ जाने., मंगळ.
पहिल्या गाडीने सांगली. हवालदाराच्या आधी पोचलो. तात्यांना सगळे सांगितले, क्रमाने. मध्ये दोनदा पाणी प्यालो. काकू रडायला लागल्या. तात्यांनी डोळे मिटून ऐकले.
"मीटरवर हिरवं लुकलुकत हुतं," म्हणाले. "मी बगितलं हुतं. व्हय का न्हाई?"
"व्हय तात्या."
मान हलवली. मग डोळे उघडले.
"आनि आसं किती गाड्यास्नी जोडलंयस?"
अजून एक. कुणाची माहीत नाही, म्हणालो.
"मंग हितं काय करतोयस?"
हात काढू नका म्हणालो होतो, त्याचे ते काही बोलले नाहीत. मीही काढले नाही. निघालो तोवर हवालदार आला नव्हता.

१४ जाने.
संक्रांत. ती लाल गाडी शोधायला पाचगणीला जाऊन आलो. हॉटेले, शाळांचे गेट, पार्किंग. कुणीतरी तीळगूळ हातावर ठेवला, तो संध्याकाळी खिशात सापडला.

१५ जाने.
म्हसवड. तीन गॅरेजला विचारले. लाल गाडी, मागे एलईडी. अशा गावात ढीग आहेत म्हणाले. सिद्धनाथाच्या देवळाबाहेर गाड्या लागतात तिथे दुपारपर्यंत बसलो. एकाने विचारले काय हरवलंय का. हो म्हणालो.
काकूंचा फोन. हवालदार परवाच येऊन जबाब घेऊन गेला. तात्यांनी काय लिहून दिले ते काकूंनी सांगितले नाही, मी विचारले नाही. "गाडी घावली का इचारत्यात." नाही म्हणालो.
परतताना दहिवडीच्या अलीकडे एक लाल गाडी पुढे होती. मागे मागे गेलो. त्याने उजवा इंडिकेटर दिला. मी ब्रेकची वाट बघितली. लाल लागला. पिवळाही चालूच राहिला.
ती नव्हती.